बायोचं पथ्य

अंगणात पुन्हा सुपारी पसरली आहे. काल उतरवणारे येऊन गेले. एका पोफळीच्या शेंड्यावर बसून ती झुलवायची, झुलता झुलता शेजारची पकडायची, तिच्यावरून पुढची, आणि जमिनीला पाय न लावता अख्खी ओळ संपवायची, हे मी लहानपणापासून पाहत आलोय. अजूनही ते लोक वर चढले की मी खाली मान मोडेपर्यंत उभा राहतो. संध्याकाळपर्यंत अंगण शेंदरी झालं. आज सकाळी त्यावर दव होतं. ऊन वर आलं तसा वास सुटला, ओल्या सालीचा, थोडा आंबूस, थोडा गोडसर. आमच्या श्रीवर्धनात या दिवसांत ज्याच्या त्याच्या अंगणात हाच वास असतो. बाहेरून आलेले पाहुणे नाक मुरडतात, आम्हाला तो आठवडाभरानं येईनासा होतो. मी सुपाऱ्या पायानं खालवर करत होतो आणि एकदम लक्षात आलं की मी पाऊल जपून टाकतोय. मधे कोणीतरी झोपलं असेल, अशा बेतानं. कोणी नव्हतं.

बायो ही आमची मांजरी. राखाडी, पोटाशी पांढरी, शेपटीचं टोक कधीतरी दारात सापडून वाकडं झालेलं. माझी बायको शैला हिला ती वाडीत वाळक्या झावळ्यांच्या ढिगात सापडली, डोळेही नीट उघडलेले नव्हते. शैलानं तिला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलं आणि नाव ठेवलं बायो. आमच्याकडे लाडक्या पोरीला बायो म्हणतात. मूलबाळ नसलेल्या घरात असलं नाव ठेवल्यावर लोक काय म्हणतील याची फिकीर शैलानं केली नाही, आणि लोकही काही म्हणाले नाहीत. शैला जाऊन आता बरीच वर्षं झाली. घरात राहिलो मी, माझी मोठी बहीण अक्का, आणि बायो.

अक्काबद्दल थोडं सांगायला हवं. ती पोस्टातून निवृत्त झाली, लग्न केलं नाही, आणि या घरात तिच्या संमतीशिवाय पानही हलत नाही. तिच्या स्वयंपाकघरात कांदा येतो तोही चातुर्मास वगळून. अंडं हा शब्द ती उच्चारत नाही, 'ते' म्हणते. बायोशी तिचं कधी जमलं नाही. "तुझ्या बायकोचं मांजर" असाच उल्लेख. शैला होती तेव्हा ती गल्लीत मासळी घेऊन येणाऱ्या हिरूबायकडून डोकी-शेपट्या घ्यायची आणि विहिरीपलीकडे नेऊन बायोला घालायची. तेवढा वेळ अक्का मागची खिडकी लावून घ्यायची. खिडकी लागली की बायोला कळायचं, आपलं जेवण आलं. शैलानंतर हिरूबाय तिला घालत राहिली, नुसती हिरूबायच नव्हे, गल्लीतली चार घरं. कोणी सुकट, कोणी बोंबलाचा तुकडा. आमच्याकडे तिचा दूधभात फक्त नावापुरता होता.

गेल्या वर्षी असंच अंगण भरलं होतं तेव्हा ती पाणी फार प्यायला लागली. विहिरीवरच्या दगडी डोणीतलं, न्हाणीघरातल्या बादलीतलं, तुळशीच्या आळ्यातलं. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. पाणी पिते आहे म्हणजे तब्येत चांगली, असं मला वाटलं. मग तिच्या पाठीवरून हात फिरवला की मणके हाताला लागायला लागले. अंग चाटून स्वच्छ ठेवणं तिनं सोडलं, केसांच्या गुठळ्या झाल्या. तोंडाला वास यायला लागला, जुन्या गंजक्या नळासारखा. एके दिवशी ती ओटीवरच्या खिडकीखाली आली, वर पाहिलं, उडी मारायचा पवित्रा घेतला आणि तशीच खाली बसली. जणू काही तिला तिथंच बसायचं होतं. म्हातारी माणसं जिन्याच्या पहिल्या पायरीशी अशीच करतात, उगाच चप्पल सारखी करायला वाकतात.

शेजारच्या म्हशीला बघायला गुरांचे डॉक्टर आले होते, त्यांना बोलावलं. तरुण माणूस, सज्जन. "सर, मी खरं म्हणजे म्हशी-बैलांचा माणूस," ते म्हणाले, पण मांजरीला त्यांनी फार हळुवार हातानं तपासलं. रक्त काढून पनवेलला पाठवलं. अहवाल आल्यावर मुंबईच्या आपल्या मित्राशी फोनवर बोलले आणि मग आमच्या ओटीवर बसून म्हणाले, "मूत्रपिंडं दमलीत, सर. वयच झालंय. माणसाच्या हिशेबानं ऐंशीच्या घरात असेल ही."

"म्हणजे माझ्याहून मोठी," अक्का आतून म्हणाली. "आता अहो-जाहो करायचं का तिला?"

डॉक्टर हसले. मीही हसलो असेन. दरवर्षी नववीच्या वर्गात मी फळ्यावर मूत्रपिंड काढायचो, लाल आणि निळा खडू घेऊन. चित्र चांगलं यायचं. त्या चित्राचा आणि मांडीवर बसलेल्या या हाडाच्या पिशवीचा काही संबंध आहे, हे कळत होतं. पण ते कुठे लागत नव्हतं. दाढ काढताना सुई देतात, मग गालाला हात लावला की गाल आहे हे कळतं, पण तो आपला वाटत नाही. शैला गेली तेव्हापासून मी तसाच आहे. तेव्हा मी रडलो नाही, आणि सगळे म्हणाले, मास्तर धीराचे. धीरबीर काही नव्हता. तिच्या दुखण्यात पनवेलच्या दवाखान्याच्या फेऱ्यांत जे काय वापरायचं होतं ते वापरून संपलं होतं. बायो मरणार हे कळलं तेव्हा मला आधी आठवलं ते हे, की ताडपत्री फाटली आहे आणि सुपारीवर रात्री दव पडायला लागलंय.

तरीही करायचं ते सगळं केलं. काही न वाटणाऱ्या माणसाला एक फायदा असतो, त्याचा हात थरथरत नाही. एक दिवसाआड सलाईन द्यायचं होतं. बाटली ओटीवरच्या झोपाळ्याच्या कडीला अडकवायची, अक्कानं बायोला जुन्या टॉवेलात गुंडाळून धरायचं, मी मानेमागची कातडी चिमटीत उचलून सुई घालायची. ते पाणी कातडीखाली साठून तिच्या खांद्यावर उंचवटा यायचा, आणि ती चालायला लागली की तो हळूहळू पुढच्या पायाकडे घसरायचा. "अगदी पखाल केलीन तुझ्या डॉक्टरानं," अक्का म्हणायची. धरायला मात्र तीच लागायची. माझ्याकडे दिली तर बायो ओरबाडायची, अक्काच्या हातात गप्प राहायची. का, ते मला माहीत नाही. बहुधा अक्कापुढे कोणाचंच चालत नाही म्हणून.

खाण्याचा प्रश्न अवघड होता. असल्या दुखण्यासाठी वेगळं खाणं मिळतं म्हणून डॉक्टरांनी पार्सल मागवायला लावलं. बायोनं त्याचा वास घेतला आणि पंजानं फरशी खरवडून त्यावर माती लोटल्यासारखं केलं. मांजर हे कशावर करतं ते सगळ्यांना माहीत आहे. दोन-तीन दिवस तिनं काहीच खाल्लं नाही. मग डॉक्टर म्हणाले, "उपाशी राहण्यापेक्षा ताजी मासळी नुसत्या पाण्यात उकडून द्या, थोडी थोडी. पण मीठ अजिबात नको, सर. एक कणसुद्धा. आणि सुकं तर तिला दाखवूही नका."

मी गल्लीतल्या चारही घरी जाऊन सुकट बंद करायला सांगून आलो. मग अक्काकडे गेलो. तिनं माझं ऐकून घेतलं, भाजी चिरायची थांबवली नाही. "शिजव," ती म्हणाली. "पण माझ्या ओट्यावर नको, माझ्या भांड्यात नको, आणि मला सांगायला येऊ नकोस."

तेव्हा मी विहिरीपलीकडे तीन दगड मांडले. बाजारातून ॲल्युमिनियमचं पातेलं आणलं. हिरूबायला फाटकाशी गाठलं आणि म्हटलं, "बायोसाठी रोज थोडा मासा हवाय. साफ करून दे बाई, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बिनमिठाचा शिजवायचा आहे, डॉक्टरांनी सांगितलंय."

"तुमी नका काळजी करू, मास्तर," हिरूबाय म्हणाली. "वयनींचा मांजार हाय तो. मी देते बराबर करून."

आणि खरंच ती रोज द्यायची. केळीच्या पानात बांधलेले चार-दोन तुकडे, खवले काढलेले, पोट साफ केलेलं, धुतलेले. वरून पिवळी हळद. हळद मला दिसत होती. हळदीनं जंतू मरतात, हे मी वर्गात शिकवलेलं आहे. डॉक्टरांनी हळदीला नाही म्हटलेलं नव्हतं. हिरूबायच्या टापटिपीचं मला कौतुकच वाटलं. झावळ्यांच्या जाळावर पातेलं ठेवायचं, पाणी उकळलं की तुकडे सोडायचे, मासा पांढरा झाला की उतरवायचा. धूर डोळ्यांत जायचा, वास धोतराला बसायचा. काटे पहिल्या दिवशी मी दोन काड्यांनी काढले. आठवड्याभरात बोटांनी काढायला लागलो. माझे वडील वर कुठे असतील तर त्यांनी तोंड फिरवलं असेल, असं मनात यायचं. पण तेही नुसतं यायचं आणि जायचं.

बायो खायची. सावकाश, मान तिरकी करून, एका बाजूच्या दातांनी. मागची खिडकी लावलेली असायची, आणि ती वाटी चाटून झाली की लावलेल्या खिडकीआडून आवाज यायचा.

"खाल्लंन का?"

"खाल्लं."

"सगळं?"

"सगळं."

खिडकी उघडायची, अक्का पुन्हा कामाला लागायची.

खात होती, सलाईन जात होतं, आणि तरी ती उतरत चालली. पाणी तर आधीपेक्षा जास्त. डोणीशी बसून इतका वेळ प्यायची की मधे थकून हनुवटी काठावर टेकायची. उलट्या व्हायला लागल्या. मागचे पाय चालताना लटपटायचे. डॉक्टर आले, पापण्या उलटून पाहिल्या, म्हणाले, "मला हे इतक्या लवकर अपेक्षित नव्हतं. सर, मीठ नाही ना जात कुठून?"

"अजिबात नाही," मी म्हटलं. "शिजवायला मी स्वतः असतो."

त्यांनी मान हलवली. मग अंगणातल्या सुपाऱ्यांकडे पाहत म्हणाले की असंच चाललं तर तिचे हाल होतील, आणि तसं असेल तर एक इंजेक्शन असतं, ती झोपेतच जाईल. आम्ही दोघांनी विचार करावा, घाई नाही. मला विचार करण्यासारखं काही दिसेना. मी म्हटलं, बरं. इतक्या सहज म्हटलं की डॉक्टरांनीच माझ्याकडे वळून पाहिलं. अक्का दारात उभी होती.

हिरूबाय अजूनही सकाळी फाटकाशी थांबते. आत्ताच येऊन गेली. "मास्तर, काय नको ना?" असं विचारते. मी नको म्हणतो. ती पाटी डोक्यावर तशीच ठेवून थोडा वेळ उभी राहते, अंगणाकडे बघते, सुपारी यंदा बरी हाय म्हणते, आणि जाते. मासे न खाणाऱ्या घराच्या दारात मासळीवाली रोज का थांबते, हे नवीन माणसाला कोड्यात टाकेल. आम्हाला ते बोलायची गरज पडत नाही.

तर डॉक्टर इंजेक्शनाचं बोलून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. मी मासा उकडून वाटीत निवत ठेवला होता. बायोनं थोडा खाल्ला, बाकीचा सोडला आणि तडक डोणीकडे गेली. मागे दार वाजलं. पाहतो तर अक्का विहिरीच्या पायऱ्या उतरून येत होती. शैला होती तेव्हाही बायोच्या जेवणाच्या वेळी ती कधी इकडे आली नव्हती. ती येऊन वाटीपाशी उभी राहिली, पदराचं टोक नाकाशी धरून. बायोकडे बघत राहिली.

"बापू," ती म्हणाली, "ह्याच्यात मीठ आहे."

"नाही गं. मी घातलंच नाही."

"खाऊन वळली की पाण्याकडे जाते. खिडकीच्या फटीतून मी रोज बघते. लोणचं चोरून खाल्लं की तू असाच माठाकडे जायचास."

"वास्तविक मूत्रपिंडाच्या आजारात तहान..."

"तू चाखलंस का?"

"मी? मी कसा चाखणार?"

पुढचं नीट कळायला एक गोष्ट ठाऊक असायला हवी. आमच्या घरी स्वयंपाक चाखत नाहीत. आधी देवाला नैवेद्य, मग माणसं. त्याआधी कोणाच्या जिभेला लागलं की ते उष्टं. त्यात देवाच्या पानात मीठ वेगळं वाढत नाहीत, तेव्हा कमी पडलं तर देवाला वरून घ्यायचीही सोय नाही. अक्कानं वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापासून स्वयंपाक केला, पुढे पोस्टात जायच्या आधी पहाटे उठून केला, आणि सगळ्या आयुष्यात एकदाही डाव ओठाला लावला नाही. तिच्या हाताला मीठ कळतं. आमटी असो, लग्नाघरचं पंचवीस माणसांचं वरण असो, ती बरणीत हात घालते, मूठ थोडी सैल करते, टाकते, आणि ते बरोबर असतं.

त्या अक्कानं साडी सावरली, वाटीपाशी वाकली, माशाचा एक पांढरा पापुद्रा नखानं सोडवला आणि जिभेच्या टोकावर ठेवला.

मी पाहत होतो. आवाज कसलाच नव्हता, डोणीत बायोच्या जिभेचा लपलप तेवढा. अक्कानं तो पापुद्रा तोंडात ठेवला, मिटल्या ओठांनी, नुसता टेकवून नाही तर नीट, चव कळेपर्यंत. मग केळीच्या बुंध्याशी जाऊन थुंकली. विहिरीचं पाणी काढून चुळा भरल्या. तोंड पुसत परत आली.

"खारट नाही," ती म्हणाली. "पण अळणीही नाही. धुतलेल्या लोणच्याच्या फोडीसारखं लागतंय. मीठ मुरलेलं आहे आत."

सकाळी हिरूबायला विचारलं. ती बुचकळ्यात पडली. "मीठ? लावलाय ना. हळद-मीठ लावल्याबिगर मासा कोनाच्या हातात द्यायचा व्हय? वास नाय का मारनार?"

"अगं, मीठ चालणार नाही म्हणून सांगितलं होतं मी."

"शिजवताना घालायचा न्हाय, असा म्हनला व्हता तुमी. हा तर धुताना लावायचा. मी तर तुमच्यासाठी हात राखून लावत व्हते."

दोघांचंही बरोबर होतं. आमच्याकडे हळद मिसळणाच्या डब्यात असते आणि मीठ चिनी मातीच्या बरणीत. ती दोन वेगळी माणसं आहेत. हिरूबायच्या घरी हळद-मीठ हे एकच, आणि ते मासा शिजवण्यातलं नव्हे, मासा धुण्यातलं काम. मला पिवळं दिसलं तेव्हा जन्मभर मासे खाल्लेल्या कुठल्याही पोरानं सांगितलं असतं की यात मीठ आहे. आणि ज्याला चव घ्यायची मुभा होती असं आमच्या घरात बायोशिवाय कोणी नव्हतं. तिची काही तक्रार नव्हती. तिला ते आवडत होतं.

हिरूबायनं पाटी खाली ठेवली आणि ओटीच्या कडेला बसली. "म्हंजी मीच घातला तिच्या तोंडात," ती म्हणाली. "वयनी काय म्हनंल मला."

"काही म्हणायची नाही," अक्का दारातून म्हणाली. "तुझ्या हातचं होतं म्हणून खात तरी होती ती. उद्यापासून नुसतं दे." थोडं थांबून तिनं विचारलं, "खवले काढल्यावर किती पाण्यात धुतेस गं?" आणि त्या दोघी त्यावर बोलत बसल्या. मी तिथून उठलो.

डॉक्टरांचं इंजेक्शन पुढे ढकललं गेलं. नुसत्या माशाची बायोला सवय व्हायला थोडे दिवस गेले. रोज अक्का विहिरीपाशी यायची, एक पापुद्रा जिभेवर ठेवायची, चूळ भरायची, आणि मान डोलावली की मग वाटी बायोपुढे. मी एकदा म्हटलं, आता रोज कशाला, हिरूबायला कळलंय. अक्का म्हणाली, "हाताला सवय असते. चुकून लागायचं." मागची खिडकी त्यानंतर उघडीच राहायला लागली.

तहान थोडी कमी झाली. उलट्या थांबल्या. बायो पुन्हा अंगणात यायला लागली. सुपारी एव्हाना अर्धी वाळली होती, शेंदरी जाऊन तपकिरी, हाताला हलकी, आणि दुपारच्या उन्हात चांगली तापायची. त्या तापलेल्या सुपाऱ्यांत ती पोटानं खळगा करून झोपायची. म्हाताऱ्या हाडांना शेक हवा असतो. "सुपारीला केस लागतात मेलीचे," अक्का म्हणायची, पण उठवायची नाही. आम्ही तिच्याभोवतीनं सुपारी खालवर करायचो. तिच्या अंगाखालची तेवढी तशीच राहायची. संध्याकाळी ताडपत्री टाकायच्या वेळी अक्का तिला उचलून आत न्यायची आणि मी त्या जागेवरून हात फिरवायचो, गरम असायची. ते दिवस चांगले होते असं आता म्हणता येईल. तेव्हा मला तसं काही वाटलं नाही. मी बघत होतो, बरं चाललंय हे कळत होतं, आनंद व्हायला हवा हेही कळत होतं. एकदा मी मुद्दाम तिच्या शेजारी उकिडवा बसून वाट पाहिली, काही होतंय का. पायाला मुंग्या आल्या तेवढंच.

सोलायला बायका आल्या. ओटीवर सालींचा ढीग पडायला लागला, अंगण एका कडेनं मोकळं होत गेलं. बायोचा कोपरा शेवटी ठेवा, असं अक्कानं सांगितलं होतं. बायका हसल्या, पण त्यांनी ठेवला.

त्याच सुमाराला तिनं नुसता मासाही सोडला. जीभ लावायची, आमच्याकडे पाहायची, मान फिरवायची. सलाईनचा दिवस होता म्हणून मी सकाळी बाटली झोपाळ्याच्या कडीला लावली, नळी सोडली, सुई उघडली आणि वाट पाहत बसलो. अक्का टॉवेल घेऊन येईना. आत गेलो तर ती माजघरात जमिनीवर बसली होती, बायो तिच्या मांडीवर.

"आज नको," ती म्हणाली.

"डॉक्टर म्हणाले होते की एकही चुकवू नका."

"ते म्हशींचे डॉक्टर आहेत. आज नको, बापू. तिला विचारलं मी."

काय विचारलं आणि ती काय म्हणाली, हे मी विचारलं नाही. बाटली काढली. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, संध्याकाळी इंजेक्शन घेऊन येतो. पण ती वेळ आली नाही. ऊन तापल्यावर अक्कानं तिला अंगणात नेलं, उरलेल्या सुपाऱ्यांवर ठेवलं आणि शेजारी पाट घेऊन बसली. मी वाडीत पाणी सोडायला गेलो होतो. परत आलो तेव्हा अक्का तशीच बसलेली होती, हात बायोच्या पाठीवर. मी जवळ गेलो. पाठ हलत नव्हती.

"गेली," अक्का म्हणाली. "आत्ताच. काही केलंन नाही."

पोफळीच्या आळ्याशेजारी मी खड्डा खणला. टॉवेलात गुंडाळलेली बायो उचलली तेव्हा टॉवेलच जास्त जड लागला. माती लोटली, वर झावळ टाकली, हातपाय धुतले. डॉक्टरांना फोन करून येऊ नका म्हटलं. मग काय करायचं ते सुचेना म्हणून कोपऱ्यातल्या सुपाऱ्या टोपलीत भरायला घेतल्या. डोळे कोरडे होते. मला ते ओळखीचं होतं.

मांजराचं सुतक नसतं. तेव्हा पूजा, स्वयंपाक, नैवेद्य सगळं रोजच्यासारखं. अक्कानं आंघोळ केली आणि चुलीपाशी गेली. नेहमीच्या वेळी देवघरात घंटी वाजली, नेहमीच्या वेळी तिनं पानं घेतली. आधी मीठ वाढलं, मग लिंबाची फोड, मग भाजी, भात, वर वरण. समोरासमोर बसलो. मी भात कालवला आणि पहिला घास घेतला.

वरणात मीठ नव्हतं. मी भाजी तोंडाला लावली. भाजीतही नव्हतं. कमी पडलेलं नव्हे, नव्हतंच. देवालाही तसंच जेवावं लागलं होतं. गालावर काहीतरी गरम आलं आणि ओठापर्यंत उतरलं, तेव्हा मला कळलं की मी रडतोय. पुसलं नाही, मान खाली घातली आणि दुसरा घास घेतला.

"बरोबर आहे ना सगळं?" अक्कानं विचारलं. हे तिनं कधी विचारलेलं मला आठवत नाही.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

मग तिनं आपला घास घेतला. चावता चावता थांबली. माझ्याकडे पाहिलं, माझ्या पानाकडे पाहिलं, आणि पुन्हा चावायला लागली. मीठ दोघांच्याही पानात वाढलेलं होतं. आम्ही जेवण संपवलं, भाताचं शीत उरू दिलं नाही, आणि मिठाला दोघांपैकी कोणीही हात लावला नाही.